कुठवर आलं?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. आमच्या चिपळुणात ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा सकाळी साडेदहाला फोन आला. "दादा, अंगठ्याचं मशीन गेलं. बाहेर पंधरा-वीस पेन्शनर बसलेत, लगेच या."

"गेलं म्हणजे नक्की काय झालं?"

"दिवा लागतोय, पण कम्प्युटर घेत नाही. यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड म्हणतोय. दोन पोर्टांत लावून बघितलं, दोन्हीकडे तेच. आता नवीनच मागवायला लागणार."

नवीन मशीन यायला तीन-चार दिवस जाणार होते. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. 2014 साली 'जीवन प्रमाण' सुरू झाल्यापासून हा दाखला बोटाच्या ठशावर निघतो, त्यामुळे बँकेच्या फेऱ्या वाचल्या, पण सगळा भार त्या मुठीएवढ्या यंत्रावर आला. पहाटेची एस.टी. पकडून वाडीवरून आलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला "मशीन बंद आहे, परवा या" असं सांगणं माझ्या जिवावर येतं. म्हणून हातातलं काम ठेवून गेलो.

पहिल्याच खुर्चीवर एक काका बसले होते. एका डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणजे मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला काढायचा मार्गही त्यांना बंद. एस.टी.च्या वर्कशॉपात त्यांनी तीस वर्षं मेकॅनिकचं काम केलेलं. ताई मला झाला प्रकार सांगत होत्या आणि काका ऐकत होते. ताईंचं बोलणं संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "दिवा लागतोय म्हणजे टाकीत डिझेल आहे, एवढंच कळलं. पुढं कुठवर आलंय ते बघा."

गाडी सुरू होत नसेल तर वर्कशॉपात काय करतात, ते त्यांनी सांगितलं. इंजिन उघडायला कुणी धावत नाही. आधी फिल्टरचा नट ढिला करायचा, हँड पंप मारायचा आणि बघायचं की बुडबुडे येतात की निव्वळ डिझेल. इथवर डिझेल आलं असेल तर नट आवळून पुढच्या जोडाकडे जायचं. टाकीपासून नोझलपर्यंतच्या वाटेवर डिझेल जिथं थांबलं तिथंच दोष. तो जोड सापडेपर्यंत काहीही बदलायचं नाही.

यूएसबीच्या तक्रारी गेली अठरा वर्षं माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा त्या "चालत नाही" या दोन शब्दांत येतात. माणूस मग विचारतो, काय बिघडलं असेल? या प्रश्नाला उत्तरं ढीगभर आहेत. पोर्ट, वायर, वस्तू, ड्रायव्हर, विंडोजचा अपडेट, काहीही. मग जो तो आपल्या अंदाजाप्रमाणे काहीतरी बदलत सुटतो. "कुठवर आलं?" हा प्रश्न मात्र एका वेळी एकच उत्तर मागतो आणि ते उत्तर डोळ्यांनी बघता येतं. यूएसबीच्या बाबतीत तर तो फार नेमका लागू पडतो, कारण यूएसबीची रचनाच पायरीपायरीची आहे.

1996 च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून ती केली. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व अजय भट्ट यांनी केलं. ते मूळचे वडोदऱ्याचे. त्याआधीचे कम्प्युटर ज्यांनी हाताळले आहेत त्यांना आठवत असेल. माउसचं तोंड वेगळं, प्रिंटरचं पंचवीस पिनांचं रुंद तोंड वेगळं, मोडेमचं आणखी तिसरं. आत कार्ड बसवायचं तर त्याला कुठला आयआरक्यू नंबर द्यायचा ते आपण ठरवायचं, चिमुकले जंपर हलवायचे, आणि दोन कार्डांना चुकून एकच नंबर गेला की दोन्ही मुकी. काय जोडलंय हे माणसानं कम्प्युटरला समजावून सांगायचं, अशी ती पद्धत होती. यूएसबीनं ती जबाबदारी वस्तूवर टाकली. जी वस्तू जोडली जाईल तिनंच आपण कोण, आपल्याला किती वीज लागते, आपण काय काम करतो हे सांगायचं. कम्प्युटरनं विचारायचं, वस्तूनं उत्तर द्यायचं. म्हणून पोर्टात काही खुपसलं की तिथं विजेबरोबर एक ओळखपाळखही होते, आणि ती ठरलेल्या क्रमानं होते. आपली तक्रार या क्रमात कुठंतरी अडकलेली असते.

तो क्रम समजायला घरातला एखादा पेन ड्राइव्ह उजेडात धरून त्याच्या तोंडात बघा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतील. नीट बघितलं तर कडेच्या दोन पट्ट्या टोकापर्यंत आलेल्या असतात आणि मधल्या दोन जरा मागे थांबतात. फरक सुमारे 1 मिलिमीटरचा. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या बोलण्याच्या. आपण पोर्टात खुपसतो तेव्हा आधी कडेच्या टेकतात, वस्तूला वीज मिळते, ती जागी होते, आणि मग मधल्या टेकतात. म्हणजे ओळखपाळख सुरू होण्याआधी दोन्ही बाजू जाग्या असतात. इतक्या स्वस्त वस्तूत इतका विचार भरलेला आहे, हे मला अजूनही फार आवडतं.

म्हणून दिवा लागणं ही पहिली पायरी, आणि पहिलीच. दिवा लागला म्हणजे कडेच्या दोन तारा शाबूत आहेत. मधल्या दोन तारांबद्दल दिवा काहीही सांगत नाही. मोबाइल चार्ज होतोय पण फोटो कम्प्युटरवर येत नाहीत, ही तक्रार याच जातीची. कित्येक स्वस्त वायरींत विजेच्या दोनच तारा असतात, बोलण्याच्या तारा घातलेल्याच नसतात. वरून वायर हुबेहूब तशीच दिसते. अशी वायर घरात सापडली तर तिला लाल टेप गुंडाळून ठेवा. आणि वायर चांगली असेल तर फोनच्या पडद्यावर फाइल ट्रान्सफर निवडलंय का ते बघा, कारण अँड्रॉइड फोन सहसा आपणहून फक्त चार्जिंगवरच राहतो.

आता मधल्या दोन तारा. त्यांची नावं डी प्लस आणि डी मायनस. वायर सोलली तर बहुधा हिरवी आणि पांढरी दिसते. लाल आणि काळी विजेची. पोर्ट रिकामा असतो तेव्हा कम्प्युटर या दोन्ही तारांना 15 किलोओहमच्या रोधकांनी खाली शून्यावर धरून ठेवतो. वस्तू जागी झाली की आपल्याकडच्या 1.5 किलोओहमच्या रोधकानं यातली एक तार वर ओढते. वर्गात एखाद्या मुलानं हात वर करावा तसं. डी प्लस वर गेली तर वस्तू वेगवान, डी मायनस वर गेली तर साध्या माउस-कीबोर्डसारखी हळू चालणारी. कम्प्युटर लगेच उत्तर देत नाही. हात खरोखर वर आहे की नुसता धक्का लागला, याची खात्री करायला तो सेकंदाचा दहावा भाग थांबतो. मग रिसेटचा संदेश पाठवतो. नव्या वस्तूला अजून नंबर मिळालेला नसतो, म्हणून शून्य नंबरच्या पत्त्यावर विचारतो, तू कोण? वस्तूनं 18 बाइटचं उत्तर द्यायचं. त्यात बनवणाऱ्याचा नंबर आणि मालाचा नंबर असतो. याला डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. मग तिला 1 ते 127 मधला एक पत्ता मिळतो, पुढची चौकशी त्या पत्त्यावर होते, आणि ती किती वीज घेणार हेही तेव्हाच ठरतं. तोवर तिनं 100 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढायचं नाही असा नियम आहे. कम्प्युटरमधून तो ओळखीचा आवाज येतो, तोपर्यंत एवढं सगळं उरकलेलं असतं.

ताईंच्या कम्प्युटरवर मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत खाली पिवळ्या खुणेसकट ओळ होती: अननोन यूएसबी डिव्हाइस, आणि पुढं, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड. ही ओळ नीट वाचली तर त्यात अर्धं निदान आहे. वीज पोचली. वस्तूनं हात वर केला, तो कम्प्युटरला दिसलाही. कम्प्युटरनं विचारलं, तू कोण? उत्तर आलं नाही, किंवा आलं ते समजलं नाही. डिझेल इथवर आलं.

अंगठ्याचं मशीन हात वर करतं ते डी प्लसनं. तो हात दिसला म्हणजे डी प्लसची तार जोडलेली आहे. उत्तर द्यायला मात्र दोन्ही तारा लागतात, कारण संदेश दोन्ही तारांमधल्या फरकातून वाचला जातो. म्हणजे संशय उरतो डी मायनसवर, नाहीतर खुद्द मशीनवर. डी प्लसच तुटलेली असती तर कम्प्युटर काहीच बोलला नसता. आवाज नाही, पाटी नाही, यादीत ओळही नाही. काहीच न होणं आणि "ओळखता येत नाही" अशी तक्रार येणं, हे दोन निरनिराळे आजार आहेत. लोक दोन्हीला "चालत नाही" म्हणतात, म्हणून मी फोनवर नेहमी आधी विचारतो, लावल्यावर आवाज येतो का? पडद्यावर काही लिहून येतं का? काय लिहून येतं ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा.

आता ताईंनी दोन पोर्टांत लावून बघितलं होतं, त्याबद्दल. टेबलाखाली वाकलो तर मशीनची वायर थेट कम्प्युटरला जात नव्हती. काउंटरपलीकडच्या माणसाचं बोट पोचावं म्हणून मध्ये काळ्या रंगाची लांब एक्स्टेंशन होती. दोन्ही वेळा पोर्ट बदलला, पण एक्स्टेंशन तीच राहिली. शिवाय दोन्ही पोर्ट कॅबिनेटच्या तोंडावरचे. समोरचे पोर्ट मदरबोर्डावर नसतात, ते आतून एका वायरीनं मदरबोर्डाच्या पिनांना जोडलेले असतात. समोरचे दोन पोर्ट ही दोन भावंडं एकाच पाण्यावर वाढलेली, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लावणं ही कच्ची परीक्षा. मागचे पोर्ट मदरबोर्डावरच झाळलेले असतात. परीक्षा घ्यायची तर मागे लावून, मधलं सगळं काढून, थेट.

एक्स्टेंशन सोडवली आणि तिच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या. कडेच्या दोन चकचकीत. मधल्यांतली एक पिवळट पण ठीक. तिच्या शेजारची हिरवीगार, तांब्याच्या भांड्यावर कळंक चढावा तशी, आणि टोकाशी जरा आत दबलेली. कोकणात हे दर पावसाळ्यानंतर बघायला मिळतं. चार महिने हवा ओली, त्यात खारा वारा, वरचा मुलामा स्वस्त वायरींत नावापुरता. जुलै 2021 च्या पुरानंतर तर आमच्याकडच्या कम्प्युटरांच्या पोर्टांतून गाळ निघत होता, तो वेगळाच विषय. मशीन थेट मागच्या पोर्टात लावलं. आवाज आला. यादीतली पिवळी खूण गेली आणि मशीनचं नाव आलं.

इथं एक गोष्ट आग्रहानं सांगतो, कारण तिच्यावाचून हा सगळा विचार हातात येत नाही. एका वेळी एकच बदला. पोर्ट बदलला, वायर बदलली, कम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि ड्रायव्हरही टाकला, मग चालू झालं, तर चालू झालं खरं, पण कशानं ते कळलं नाही. खराब वायर पुन्हा खणात जाते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचा दिवस घालवते.

विजेच्या पायरीवर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण तिथं फसगत जास्त होते. वीज "आहे" आणि वीज "पुरेशी आहे" यांत फार अंतर आहे. यूएसबी 2.0 चा पोर्ट जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, यूएसबी 3.0 चा 900. अडीच इंची बाहेरची हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिची मागणी बऱ्याचदा एक अँपिअरच्या आसपास जाते. आता वायरीचा हिशोब करा. बारीक वायरींत 28 गेजची तांब्याची तार असते, तिचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम. दीड मीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तांबं, सुमारे 0.64 ओहम. 900 मिलिअँपिअर वाहायला लागले की वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळून जातं. पाचाचे साडेचार होतात. डिस्कचा दिवा लागतो, आतून टक-टक-टक ऐकू येतं, दोन सेकंद शांतता, पुन्हा टक-टक-टक. डिस्क फिरायला बघते, दम संपतो, थांबते, पुन्हा बघते. लोक समजतात डिस्क मेली. कधी ती खरंच मेलेली असते, पण आधी आखूड, जाड वायर घेऊन मागच्या पोर्टात लावून बघावं. लग्नाचे फोटो असलेली एक डिस्क वीतभर वायरीवर सुरळीत चालू झालेली मी बघितली आहे, आणि ती घेऊन आलेल्या बाईंचे डोळे भरून आले होते.

हबचंही असंच. बाहेरून वीज न घेणारा चार तोंडांचा हब वरून 500 मिलिअँपिअर घेतो, स्वतःला 100 ठेवतो आणि प्रत्येक तोंडाला 100 देतो, असा त्याचा मूळ हिशोब. त्यावर माउस, कीबोर्ड, बारकोड स्कॅनर खुशाल चालतील. हार्ड डिस्क लावली की शेजाऱ्यांचाही घास जातो.

यातूनच एक इशारा. पोर्ट तपासायला माउस लावून बघायची पद्धत चांगली आहे, मीही तेच करतो. माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतात, त्यामुळे ती पायरी बाजूला राहते आणि नुसता पोर्ट तपासला जातो. पण साधा माउस सेकंदाला 15 लाख बिटांच्या चालीनं बोलतो आणि वीज चिमूटभर घेतो. त्यामुळे माउस चालला म्हणजे पोर्ट हार्ड डिस्कलाही पुरेल असं होत नाही. बैलगाडी गेली म्हणून पुलावरून भरलेला ट्रक जाईलच असं कुणी म्हणत नाही. यूएसबी 3.0 च्या निळ्या जिभेच्या पोर्टात तर जुन्या चार पट्ट्यांखेरीज आणखी पाच संपर्क असतात. त्यांतला एखादा मळला तरी वस्तू चालते, पण जुन्या चारांवर, म्हणजे 480 मेगाबिटांच्या चालीनं. "डिस्क चालते पण कॉपी व्हायला रात्र लागते" ही तक्रार आली की मी त्या पाचांकडे बघतो.

पोर्ट साफ करायचा तर कम्प्युटर बंद करून, भिंतीतली पिन काढून. सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. पाच व्होल्टच्या पट्टीवरून धातू शेजारी टेकला की शॉर्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश फिरवायचा, वाळू द्यायचं. आतली जीभच हलत असेल किंवा पट्टी वाकलेली असेल तर त्या पोर्टाला कायमचा टेप लावा, कारण तो पुढं चांगल्या वस्तूही खराब करेल.

"पिन काढून पुन्हा लावा" या घरगुती उपायाला मी पूर्वी फारसं महत्त्व देत नसे. मग त्यामागचं कारण समजलं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर ती पूर्ण बंद होत नाही. आपली बरीचशी अवस्था डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते, यूएसबीच्या अडकलेल्या अवस्थेसकट. रीस्टार्ट केल्यावर मात्र खरोखर नव्यानं सुरुवात होते. शिवाय कित्येक मदरबोर्ड बंद असतानाही यूएसबीला पाच व्होल्ट पुरवत राहतात, म्हणून रात्रभर "बंद" असलेल्या कम्प्युटरच्या माउसचा लाल दिवा लागलेलाच असतो. भिंतीतली पिन काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की साठलेली वीज निघून जाते आणि पोर्टाचं कंट्रोलर कोऱ्या पाटीनं उठतं. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढायची.

डिस्क्रिप्टर मिळाला, पत्ता मिळाला, की हार्डवेअरची वाट संपली. पुढं ड्रायव्हर. ही पायरी मी थोडक्यात आटोपतो, कारण इथं कम्प्युटर स्वतःच बोलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वस्तूचं नाव आलंय पण कोड 28 असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड 10 असेल तर ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही. कोड 43 म्हणजे वस्तूनंच अडचण कळवली म्हणून विंडोजनं तिला थांबवलंय, तेव्हा पुन्हा मागच्या पायऱ्यांकडे वळायचं. लिनक्सवर तर डीमेसेज ही एकच आज्ञा दिली की ओळखपाळखीचा अख्खा संवाद ओळीनं वाचता येतो. मला शंका असली की मी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून कम्प्युटर त्यावर सुरू करतो. तिथं वस्तू दिसली तर पोर्ट, वायर, वस्तू तिन्ही निर्दोष, आणि दोष विंडोजमधला. कीबोर्ड बायोसमध्ये चालतो आणि विंडोजमध्ये अडतो, तेव्हाही हाच निष्कर्ष.

एक गोष्ट मात्र दुकानदारांना फार छळते आणि तिचं कारण क्वचितच कुणी सांगतं. बिलाचा प्रिंटर काल चालत होता. रात्री साफसफाई करताना कुणीतरी वायर काढली, सकाळी दुसऱ्या पोर्टात लावली. आता प्रिंट दिली की रांगेत पडून राहते, आणि प्रिंटरांच्या यादीत त्याच नावापुढं कॉपी 1 असं दुसरं नाव आलेलं. बिघडलं काहीच नाही. वस्तूला स्वतःचा अनुक्रमांक असला तर विंडोज तिला कुठल्याही पोर्टात ओळखते. अनुक्रमांक नसला तर विंडोज तिला पोर्टाच्या जागेवरून ओळखते. पोर्ट बदलला की तिच्या लेखी तो नवा प्रिंटर, आणि बिलाचं सॉफ्टवेअर जुन्याकडेच बिलं पाठवत बसतं. वजनकाट्याला लावलेल्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरचंही तेच. काल कॉम 3 होता, आज कॉम 7 झाला, आणि सॉफ्टवेअर अजून 3 च्या दारात उभं. म्हणून मी पोर्टांवर पेननं नावं लिहितो. प्रिंटर, काटा, अंगठा. जे जिथलं ते तिथंच.

आणि ओळख झाल्यानंतर तुटणारी नाती. चालता चालता मध्येच बंद पडणारी वस्तू आवाज करून जाते का, हे ऐकावं. न वापरलेल्या वस्तूला झोपवायची सोय विंडोजमध्ये असते, आणि काही वस्तू झोपतात त्या नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी काढून घेतली की बहुधा भागतं. वायरलेस माउस अडखळत असेल तर मात्र त्याच्या बाजूला काय लावलंय ते बघा. यूएसबी 3.0 च्या हार्ड डिस्कच्या जोडातून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, आणि माउसचा चिमुकला रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलनंच 2012 साली यावर निबंध काढला होता. रिसीव्हर वीतभर लांब नेला की माउस पुन्हा लोण्यासारखा चालतो.

केंद्रात परत येतो. मशीनचं नाव यादीत आलं, ताईंनी जीवन प्रमाणचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि पाटी आली की डिव्हाइस तयार नाही. ताई हताश झाल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ड्रायव्हरपर्यंत आलंय काका, पुढचा नट बघतो." आधारसाठी वापरायच्या यंत्राला ड्रायव्हरखेरीज आरडी सर्व्हिस नावाचा आणखी एक प्रोग्राम लागतो. ठसा कुलूपबंद होऊन मगच त्याच्यामार्फत पुढं जातो. मशीन सकाळपासून दिसत नव्हतं, त्यामुळे ती सर्व्हिस थकून थांबली होती. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती पुन्हा सुरू केली. रेडी अशी हिरवी अक्षरं आली.

काकांनी अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. ताई पुटपुटल्या, "म्हणजे मशीनच—"

"मशीन इथवर आलंय," काका म्हणाले. "आता माझ्याकडचं बघा." त्यांनी पंजा उलटा करून दाखवला. तीस वर्षं डिझेलनं, रॉकेलनं आणि पान्यांनी अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. रुमालानं हात पुसून त्यांनी डाव्या हाताची अनामिका ठेवली. पान्याच्या पकडीत हे बोट सगळ्यांत कमी झिजतं, असं ते म्हणाले. क्षणभरानं पडदा बदलला, आणि त्यांच्या खिशातल्या फोनवर प्रमाण आयडीचा मेसेज वाजला.

ताईंनी पुढचं नाव पुकारलं. काका उठले नाहीत. टेबलावर मी बाजूला काढून ठेवलेली ती काळी एक्स्टेंशन त्यांनी उचलली, पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ नेली, खिडकीकडे तोंड करून धरली आणि विचारलं, "यातला मायनस कुठला म्हणालात?"